डावरा रायाजी

चहा आधी पिऊन घ्या. पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसताना चहा नाकात जातो. माझ्या मेव्हण्याच्या गेला होता. मी मात्र हसणार नाही, कारण ज्याची अब्रू गेली तो मीच.

आता सांगायला कुठून सुरुवात करू? माझ्या नोकरीपासूनच करतो, म्हणजे फजितीचं वजन तुमच्या लक्षात येईल.

मी चिकलठाण्याला एका कारखान्यात आहे. तिथं गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या बनतात. मी तपासणीला असतो. बिजागरीत तपासण्यासारखं काय असतं, असं विचाराल तुम्ही. तर डावी की उजवी! दोन्ही दिसायला सारख्या, फक्त एकमेकींच्या उलट. नवा माणूस हमखास गोंधळतो. मी लांबून बघून सांगतो. एकवीस वर्षं झाली, डावी बिजागरी उजव्या पेटीत मी एकदाही जाऊ दिलेली नाही. आमचे साहेब नव्या पोरांना सांगतात, "गजाननरावांनी डावं म्हटलं म्हणजे डावं. पुन्हा बघायचं नाही."

हे वाक्य लक्षात असू द्या.

मला एकच मुलगी, सई. दहा वर्षांची आहे. आणि डावरी आहे. लिहिणं, जेवणं, कंगवा, दरवाजाची कडी, सगळं डाव्या हातानं. मला आणि माझ्या बायकोला, वंदनाला, त्यात कधी काही वाटलं नाही. वाटलं ते माझ्या आईला.

आई-आप्पा पिशोरला असतात, शेतीवर. आई महिन्या दीड महिन्यानं आमच्याकडं येते, आणि आली की तिची मोहीम सुरू व्हायची. सईनं डाव्या हातात चमचा धरला की आई तो काढून उजव्या हातात द्यायची. सई पुन्हा डाव्यात घ्यायची, आई पुन्हा उजव्यात. एका वरण-भाताला पाऊण तास लागायचा. एकदा घरी पूजा होती. सईनं प्रसादाला डावा हात पुढं केला. आईनं द्रोण मागं घेतला. "उजवा कर." सईच्या उजव्या हातात तिच्या मैत्रिणीचा द्रोण होता. पण ते कोण बघतं? चार पाहुण्यांदेखत पोर रडत आत निघून गेली.

मला फार वाईट वाटलं. आईला काही बोलायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून मी सईच्या शेजारी जाऊन बसलो आणि तिला रायाजीची गोष्ट सांगितली.

रायाजी म्हणजे 'वाघदऱ्याचा रायाजी' या सिनेमातला. माझ्या लहानपणीचा माझा एकमेव देव. आमच्या पिशोरला जत्रेत हा सिनेमा यायचा. अंधार पडला की बाजाराच्या मैदानात मधोमध दोन बांबू रोवून पांढरा पडदा बांधायचे. इकडच्या अंगाला पुरुष, तिकडच्या अंगाला बाया, तशी तेव्हाची रीतच होती. सगळा गाव पोती, घोंगड्या घेऊन यायचा. मशीन खटखट सुरू व्हायची आणि रायाजी घोड्यावरून यायचा.

"आणि सई," मी म्हणालो, "रायाजी तलवार कोणत्या हातानं चालवायचा माहितीये का? डाव्या!"

तिचं रडणं थांबलं. "खरंच?"

"या डोळ्यांनी पाहिलंय. मी सात वर्षांचा होतो. पुरुषांत बसलो होतो, अगदी पहिल्या रांगेत. पडद्यावर वाघ आला तेव्हा मोठमोठी माणसं मागं सरकली. मी एकटा जागचा हललो नाही."

दाराशी आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण आई म्हणाली, "व्हय की! रायाजी डावराच व्हता. माझ्या ध्यानातच नव्हतं बघ. काय सपासप मारायचा बाई!"

रात्रीच्या जेवणाला सईनं डाव्या हातात चमचा धरला. आईनं बघितलं आणि तिच्या भातावर तूप वाढलं. मोहीम बंद! ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं तोंड उघडायला भीत होतो, ती रायाजीनं एका संध्याकाळी करून दाखवली.

त्यानंतर मी रायाजीला उसंत दिली नाही. दर आठवड्याला गोष्ट. पडद्यावरच्या वाघापुढं माझं न हलणं दर वेळी थोडं वाढायचं. शेवटी शेवटी तर मी वाघाच्या नजरेला नजर देत होतो. आप्पा आलेले असले की ते हे सगळं ऐकत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचे. काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, अभिमानानं गप्प आहेत.

पुढं सईनं हट्टच धरला, तलवारबाजी शिकायची. आमच्या शहरात तलवारबाजी शिकणारी पोरं गल्लोगल्ली सापडतात, त्यामुळं वर्ग शोधायला लांब जावं लागलं नाही. तिथले सर तिला बघून म्हणाले, "डावरी आहे? उत्तम. समोरच्याला वार कुठून येतोय तेच कळत नाही." सईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू हे मीच त्यांना पढवून आणलंय. घरी आल्यावर तिनं तलवारीच्या हातमोज्याच्या आत पेनानं लिहिलं, रायाजी. प्रत्येक लढतीआधी ती मोजा उलटा करून ते नाव बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "पप्पा, तो पण डावरा होता ना. मग मला भीती वाटत नाही."

इथवर सगळं ठीक होतं. इथं मी गप्प बसलो असतो तर आज तुमच्यासमोर बसून दुसऱ्याच कुणाची फजिती सांगत असतो.

पण मला तिला तो सिनेमा दाखवायचा होता. आपल्याला लहानपणी जे बघून अंगावर काटा आला ते पोरांनी बघावं, त्यांच्याही अंगावर काटा यावा, आणि तो येताना आपण शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडं बघावं. दुसरं काय हवं असतं बापाला? चार वर्षं शोधत होतो. कुठंच मिळेना. आणि मागच्या महिन्यात एका भल्या माणसानं तो अख्खा सिनेमा नेटवर टाकलेला सापडला. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये उभं राहून ओरडलो. लोकांना वाटलं बोनस जाहीर झाला.

सईची जिल्ह्याची निवड चाचणी रविवारी होती. मी ठरवलं, आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी सिनेमा. लढतीच्या आधी पोरीनं रायाजीला डोळे भरून बघावं! ही कल्पना माझी. एकट्या माझी. यात दुसऱ्या कुणाला वाटेकरी करता येत नाही.

वंदना म्हणाली, "अहो, आधी तुम्ही एकदा बघून तरी घ्या."

मी म्हणालो, "काय बघायचंय? पाठ आहे मला."

"तरी पण. इतक्या वर्षांपूर्वी पाहिलेलं."

"वंदना, तपासणी खात्यातल्या माणसाला तू तपासायला सांगतेस?"

ती काही बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा मी तिचं ऐकायला हवं, हे मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही ऐनवेळी आठवत नाही.

शनिवारी दहाच्या सुमारास सगळे जमले. सईच्या वर्गातल्या चार मैत्रिणी आल्या होत्या. त्यांत आयेशा म्हणून एक पोरगी आहे, उंच, चष्मा लावणारी. ती फारच बारकाईनं बघते. आमच्या कारखान्यात तपासणीला घेण्यासारखी आहे. आई-आप्पाही सकाळच्या एसटीनं आले होते, उद्याची लढत बघायला. आप्पांनी येताना पिशवीभर शेंगा आणल्या होत्या. मी पडदे ओढले, टीव्ही लावला, आणि सिनेमाच्या आधी उभा राहून छोटं भाषण केलं. भाषणात डावा हात हा शब्द पाच वेळा आला. नंतर वंदनानं मोजून सांगितलं.

सिनेमा सुरू झाला. नाव आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोरींच्या तोंडाकडं बघितलं. एक जण चिवडा खात होती.

"पप्पा, हे गाणं मघाशी झालं ना?"

"हे वेगळं आहे."

"शब्द तेच आहेत."

"भाव वेगळा आहे. बघ तू."

मग वाघ आला. ज्या वाघानं आख्खं पिशोर मागं सरकवलं होतं तो वाघ. आयेशा चष्मा वर करून म्हणाली, "अंकल, बाघ की पीठ पे चेन दिखरी."

"ती आयाळ आहे," मी म्हणालो.

"अंकल, आयाळ तो शेर की होती ना?"

मी आवाज थोडा वाढवला. कारण आता तो प्रसंग येत होता. वाघदऱ्याची खिंड, समोर दहा शत्रू, रायाजी घोड्यावरून उतरतो, मिशीवरून हात फिरवतो, आणि तलवार काढतो.

"बघ सई! आता बघ! डावा हात!"

रायाजीनं तलवार काढली. उजव्या हातानं.

घरात फक्त शेंगा फुटण्याचा आवाज येत होता.

"पप्पा?" सई म्हणाली.

"त्याचा डावा हात दुखावलेला असेल. आधीच्या लढाईत," मी म्हणालो.

"आधी लढाई झालीच नाही. आधी गाणं झालं. दोनदा."

"पुढं हात बदलतो तो. शेवटच्या लढाईत बदलतो. बघ तू."

शेवटच्या लढाईपर्यंत आणखी सव्वा तास होता. मी मोबाइलवरून सिनेमा पुढं पळवला. शेवटची लढाई, उजवा हात. मागं घेतला. मधली लढाई, उजवा हात. एका ठिकाणी रायाजी भाकरी खात होता. तीसुद्धा उजव्या हातानं.

सईच्या मांडीवरच्या डाव्या हाताची मूठ आवळलेली होती. उद्या लढत, मोज्यात त्याचं नाव, आणि हा समोर उजव्या हातानं भाकरी मोडतोय.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? चूक कबूल करतो. मी म्हणालो, "हे चित्र उलटं केलेलं आहे!"

"म्हणजे?"

"नेटवर टाकताना लोक मुद्दाम चित्र उलटं करतात, चोरी पकडली जाऊ नये म्हणून. डावीकडचं उजवीकडं. आमच्या बिजागऱ्यांसारखं. माझा धंदाच आहे हा, मला विचारा."

सईच्या तोंडावर जरा उजेड आला. मला हायसं वाटलं. आयेशानं हात वर केला. ही पोरगी घरातसुद्धा बोलायला हात वर करते.

"अंकल, उल्टा किया तो फिर नाम सीधा कैसा आया?"

मी सिनेमा पहिल्यापासून लावला. 'वाघदऱ्याचा रायाजी'. स्वच्छ, सुलटं, वा पासून जी पर्यंत. एकवीस वर्षांत एवढा वेळ मी कुठल्याच गोष्टीकडं बघत राहिलो नव्हतो.

पण माघार घ्यायची तर मी कसला! माझ्याकडं साक्षीदार होते.

"आई," मी म्हणालो, "तूच सांग यांना. रायाजी कोणत्या हातानं लढायचा?"

आई टीव्हीकडं रागानंच बघत होती. "डाव्या! ह्यो कोण मेला ठेवलाय? ह्यो रायाजी नायच. तोंड तेच हाय, पण ह्यो नाय."

"बघा! थांबा, आणखी एक साक्ष देतो." मी देवगाव रंगारीला आत्याला फोन लावला, आप्पांच्या धाकट्या बहिणीला. स्पीकर सुरू केला.

"आत्या, गजा बोलतोय. जत्रेतला रायाजी आठवतो का?"

"न आठवायला काय झालं! लग्नाच्या आधी पाह्यला मी. लई देखणा व्हता."

"तो कोणत्या हातानं तलवार चालवायचा?"

"डाव्या. काहून रे? गेला का काय तो?"

"नाही, नाही. ठेवतो." मी फोन ठेवला आणि पोरींकडं वळलो. "दोन साक्षी. दोघींचं एकमेकींशी बोलणं झालेलं नाही. आणि तिसरा मी. आता तुम्हीच ठरवा."

पोरी खरंच विचारात पडल्या. सईची मूठ सुटायला लागली होती. मी जिंकलोच होतो. एवढ्यात वंदना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "एखाद्या पुरुषालाही विचारा की."

"त्यात काय! आप्पा, सांगा हो."

आप्पांनी शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. चावले. गिळले. आणि म्हणाले, "उजवा."

"आप्पा!"

"उजव्याच हातानं लढायचा की तो. ह्यो दिसतोय तसाच."

"मग एवढी वर्षं मी डावा डावा म्हणत होतो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कोण इचारलं?" आप्पा म्हणाले.

आई उसळली. "तुमाला काय ठावं? बिड्या ओढत बसला असाल. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यला."

"तू पाह्यला, पर कुठून पाह्यला?" आप्पांनी दुसरी शेंग घेतली. "मशीन आमच्याकडं. पडदा मधी. बाया पडद्याच्या मागल्या अंगाला. मागून समदं उलटंच दिसतंय."

सईनं उठून वहीचा कागद फाडला, त्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात 'रायाजी' लिहिलं, खिडकीचा पडदा बाजूला केला आणि कागद पाठमोरा उजेडात धरला. अक्षरं आरपार दिसली. उलटी.

"म्हणजे आजीनं असा बघितला," ती म्हणाली. "आणि आत्याआजीनं पण."

"अगं, पण मग नाव?" मी आईला विचारलं. "नाव उलटं दिसलं नाही का तुम्हाला? शंभर बाया बसायच्या तिकडं, एकीच्याही लक्षात आलं नाही?"

आई शांतपणे म्हणाली, "आमाला सुलटं तरी कुठं वाचता येत व्हतं?"

मी टीव्ही बंद केला.

सई मात्र पुढं विचार करत होती. मला ते तिच्या कपाळावर दिसत होतं. मला पळावंसं वाटलं, पण दार आयेशाच्या मागं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही तर पुरुषांत बसला होता. पहिल्या रांगेत."

"हं."

"मग तुम्हाला उजवा दिसला असणार."

मी एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"तरी तुम्ही मला डावा सांगितला. मी रडत होते म्हणून. खोटं सांगितलं मला." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "उगाच समजूत घालायला."

बघा आता माझी पंचाईत. रायाजीबद्दल मी आयुष्यात दोनच गोष्टी सांगत आलो होतो. एक, तो डावरा होता. ही मी अगदी खरी मानून सांगितली, आणि ती खोटी निघाली. दुसरी, मी पुरुषांत पहिल्या रांगेत बसलो होतो. ही मी चांगली ठाऊक असून खोटी सांगितली होती. आणि पहिलीत मी फसवलं नाही हे पोरीला पटवायचं, तर दुसरी उघडी करावी लागणार होती. पाच पोरी, बायको, आई आणि बाप यांच्यादेखत.

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. अब्रू काय, मिळवता येते पुन्हा.

"सई, मी खोटं नाही बोललो," मी म्हणालो. "मला डावाच दिसला होता. मी मागं होतो. बायकांच्यात."

"सात वर्षांचे असताना?"

"पाच. बालवाडीत होतो. आजीच्या मांडीवर."

मला वाटलं एवढ्यावर भागेल. पण आईला आता राहवेना. इतकी वर्षं तिनं माझी अब्रू झाकली होती. एकदा झाकण उघडल्यावर तिनं सगळं भांडंच पालथं केलं.

"मांडीवर तरी कुठं नीट बसायचा! वाघ आला की माझ्या पदरात तोंड. 'गेला का? गेला का?' सिनेमा संपून घरी आलं तरी पदर सोडायचा नाय. तीन वर्सं हेच, मंग तो सिनेमाच यायचा बंद झाला. एका वर्सी तर पदर फाडला, लग्नातल्या लुगड्याचा."

"पण वाघाच्या नजरेला नजर...?" सईनं विचारलं.

"वाघ ह्यानं आज पाह्यला," आप्पा म्हणाले. "पहिल्यांदा."

एक पोरगी उशीत तोंड खुपसून हसत होती. वंदना आत निघून गेली, आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला. आयेशा तेवढी हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "कोई बात नहीं अंकल. मैं भी बचपन में डरती थी." त्यापेक्षा ती हसली असती तर बरं झालं असतं.

मैत्रिणी गेल्यावर सई तिच्या खोलीत गेली. मी दारातून डोकावलो. ती पलंगावर बसून हातमोज्याच्या आतलं नाव खोडरबरानं घासत होती. मी फसवलं नाही हे तिला पटलं होतं. पण त्यानं काय झालं? रायाजी तर उजव्या हाताचा निघालाच होता. मी दारातच उभा राहिलो. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. चार वर्षं शोधून शोधून मी पोरीच्या हातातली तलवार काढून घेतली होती, तीही लढतीच्या आदल्या दिवशी. आणि हॉलमधल्या आईची मला दुसरीच भीती. आता ती सईचा चमचा पुन्हा उजव्या हातात देणार.

आई मला बाजूला सारून आत गेली.

"काय करायलीस गं?"

"खोडतेय. तो डावरा नव्हता ना."

आई तिच्या शेजारी टेकली. "कोण म्हणलं नव्हता? पुरुषांनी त्यांच्या बाजूनं पाह्यला म्हणून त्यांचाच खरा व्हय? निम्मं गाव आमच्याकडं बसलं व्हतं. आमी बी घरातली कामं उरकून, पोरं काखंत मारून आलो व्हतो. आमच्या बाजूचा रायाजी डावराच व्हता, आन् डावराच ऱ्हाणार."

सईनं विचार केला. "म्हणजे बायकांचा रायाजी डावरा?"

"बायांचा डावरा. आन् तुझ्या बापाचा." आई उठली. दारात माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "चल, भात टाक म्हणावं सूनबाईला. आन् लेकरासाठी चमचा डाव्या बाजूला ठिव."

संध्याकाळी मी मोजा उचलून बघितला. जुनं नाव अर्धवट पुसलेलं होतं. त्याखाली सईनं नवं लिहिलं होतं, तेच नाव, पण उलट्या अक्षरांत, पडद्यामागून दिसेल तसं.

रविवारी आम्ही सगळे चाचणीला गेलो. मोठा हॉल, पालकांना बसायला पायऱ्या. एका बाजूला आप्पा शेंगांची पिशवी घेऊन बसले, एका बाजूला वंदना, मध्ये आई आणि मी. सईची पहिली लढत सहज झाली. दुसरीही जिंकली. तिसरीत समोर तिच्यापेक्षा वीतभर उंच पोरगी आली. लढत बरोबरीत गेली, आणि आता एकच गुण राहिला. जिला मिळेल तिची निवड. सईनं मोजा उलटा करून आत बघितलं, पुन्हा हातात चढवला, आणि तलवार उचलली. ती उंच पोरगी थेट तिच्या अंगावर धावून आली.

पीं असा यंत्राचा आवाज झाला. दिवा लागला. लोक ओरडले.

माझ्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी सगळे विचारत होते, गजाननराव, तो शेवटचा वार कसा केला पोरीनं? तुम्ही तर समोरच होता. मी म्हणालो, डाव्या हातानं. ते खरंच आहे. पण तुमच्यापासून आता काय लपवायचं? दिवा कुणाचा लागला ते मी पाहिलेलं नाही. मी फक्त आवाज ऐकला, आणि त्यानंतर अगदी जवळून, डोक्याच्या वरून, आईचा.

"सोड की रे गजा आता पदर. जिंकली ती. लोकं बघायलीत."